त्र्याऐंशी टक्क्यांची सवलत नेमकी कोणत्या वायरला?

अमेरिकेतील आमच्या घराला जुना १०० ॲम्पिअरचा वीजपुरवठा होता. गॅसची भट्टी काढून हीट पंप बसवायचे ठरले, विजेवर चालणारी गाडी आली, आणि घरापासून वेगळ्या उभ्या असलेल्या गॅरेजमध्ये लाकूडकामाची यंत्रे मांडायची होती. त्यामुळे पुरवठा २०० ॲम्पिअरचा करून घेणे भाग होते. त्यासाठी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून जे अंदाजपत्रक आले, त्यात वायरच्या जाडीसंबंधी तीन ओळी होत्या. मीटरपासून बाहेरच्या मुख्य ब्रेकरपर्यंत ४/० ॲल्युमिनियम (अमेरिकी मापात नंबर लहान तशी वायर जाड, आणि १ नंबरच्या पुढे १/०, २/०, ३/०, ४/० अशी जाडी वाढत जाते), तिथून तळघरातील पॅनेलपर्यंत पुन्हा ४/० ॲल्युमिनियम, आणि गॅरेजसाठी १०० ॲम्पिअरच्या ब्रेकरवर २-२-४-६ ॲल्युमिनियम केबल, म्हणजे २, २, ४ आणि ६ नंबरच्या चार तारांची. मी व्यवसायाने यंत्र अभियंता आहे, विजेचा नाही. परंतु काउंटीच्या बांधकाम विभागाला परवान्याच्या अर्जासोबत भारगणना आणि एकरेषीय आकृती हवी होती व ती मीच तयार करणार होतो. तेव्हा या तीन ओळींपैकी प्रत्येक ओळ नियमाच्या कोणत्या कलमावर उभी आहे, हे स्वतः वाचून पाहायचे मी ठरवले. सगळ्याच्या मुळाशी एक सवलत निघाली: वायरची वहनक्षमता पुरवठ्याच्या क्षमतेच्या ८३ टक्के असली तरी पुरते, पण ती सवलत प्रत्येक वायरला नाही.

अमेरिकेत या विषयाचा आधार म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोड. तो नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था 'एनएफपीए ७०' या क्रमांकाने प्रसिद्ध करते. पहिली आवृत्ती १८९७ ची, आणि आता दर तीन वर्षांनी नवी निघते. मात्र हा ग्रंथ आपोआप कायदा होत नाही. राज्य किंवा स्थानिक शासन एखादी आवृत्ती स्वीकारते, तेव्हाच ती तिथे लागू होते, आणि तिचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकार स्थानिक तपासणी यंत्रणेकडे असतो. आमच्याकडे २०२० ची आवृत्ती लागू होती, म्हणून पुढील सर्व कलमांचे क्रमांक तिच्यातलेच आहेत. ही गोष्ट आधी सांगण्याचे कारण असे की, घरगुती फीडरचा, म्हणजे मुख्य ब्रेकरपासून पुढे पॅनेलकडे जाणाऱ्या वायरचा, नियम गेल्या काही आवृत्त्यांत जागा आणि रूप दोन्ही बदलत आला आहे, आणि जुन्या क्रमांकावरून शोधणारा माणूस हमखास भलत्याच पानावर पोहोचतो.

सुरुवात तक्ता ३१०.१६ पासून करावी लागते. कोणत्या जाडीची वायर किती ॲम्पिअर वाहू शकते, हे त्यात तीन रकान्यांत दिले आहे: ६०, ७५ आणि ९० अंश सेल्सिअस. हे आकडे वायरच्या आवरणाला सोसेल त्या तापमानाचे आहेत. आज बाजारात मिळणारी बहुतेक जाड वायर ९० अंशांची असते, आणि म्हणून नवख्या वाचकाचा हात साहजिकच उजवीकडच्या, सर्वांत उदार रकान्याकडे जातो. तिथे ४/० ॲल्युमिनियमसमोर २०५ ॲम्पिअर लिहिलेले आहेत. २०० चा ब्रेकर, २०५ ची वायर, प्रश्नच मिटला असे वाटते. पण वायर कुठेतरी स्क्रूखाली दाबली जाते, आणि त्या जोडणीच्या तापमानाची मर्यादा कलम ११०.१४ च्या 'सी' पोटकलमात सांगितली आहे. १०० ॲम्पिअरपर्यंतच्या मंडलांना (सर्किटांना) ६० अंशांचा रकाना, त्यापुढे ७५ अंशांचा. उपकरणावर ७५ अंशांची नोंद असेल, तर लहान मंडलांनाही ७५ चा रकाना वापरता येतो. म्हणजे ४/० ॲल्युमिनियम प्रत्यक्षात २०५ ची नव्हे, तर १८० ॲम्पिअरचीच धरायची.

ही ७५ अंशांची नोंद मी स्वतः शोधून वाचली. गॅरेजसाठी आणलेला दोन पोलचा ब्रेकर हातात घेऊन, टेबलदिव्याखाली तिरका धरून पाहिले, तेव्हा त्याच्या कुशीवरील लेबलावर तांबे आणि ॲल्युमिनियम दोन्हींसाठी चालणाऱ्या वायरच्या जाडीचा पल्ला, स्क्रू आवळण्याचे बळ, आणि त्याखाली अगदी बारीक अक्षरांत '६०/७५ अंश' असे छापलेले होते. गॅरेजच्या पॅनेलच्या दाराआतल्या कागदावरही तशीच ओळ होती. दोन्ही टोकांना ही नोंद असणे आवश्यक असते. एका टोकाला ६० अंशच लिहिलेले असेल, तर पूर्ण वायरची गणना ६० च्या रकान्याने करावी लागते, आणि मग २ नंबरची ॲल्युमिनियम वायर ९० वरून ७५ ॲम्पिअरवर येते. अर्धा सेंटिमीटर उंचीच्या त्या छापील ओळीवर पंधरा ॲम्पिअर अवलंबून असतात.

भारगणना मी कलम २२०.८२ च्या पर्यायी पद्धतीने केली. ती १०० ॲम्पिअर किंवा त्याहून मोठा एकच पुरवठा असलेल्या घराला वापरता येते आणि नेहमीच्या पद्धतीपेक्षा सुटसुटीत आहे. बाहेरच्या मापाने २,२०० चौरस फूट घर, दर चौरस फुटाला ३ व्होल्ट-ॲम्पिअर, म्हणजे ६,६००. स्वयंपाकघराची दोन मंडले आणि कपडे धुण्याचे एक, प्रत्येकी १,५००, म्हणजे ४,५००. शेगडी-ओव्हन १२,०००, कपडे वाळवण्याचे यंत्र ५,०००, पाणी तापवण्याची टाकी ४,५००, भांडी धुण्याचे यंत्र १,२००, सिंकखालचे कचरा दळणारे यंत्र ९००, मायक्रोवेव्ह १,५००, आणि कार्यशाळेतील स्वतंत्र मंडलांवरची यंत्रे ५,०००. बेरीज ४१,२००. यांतील पहिले १०,००० पूर्ण धरायचे आणि उरलेल्या ३१,२०० चे ४० टक्के, म्हणजे १२,४८०. हे झाले २२,४८०. हीट पंपाचा कॉम्प्रेसर ५,००० पूर्ण आणि त्याच्या पूरक हीटरच्या ५,००० चे ६५ टक्के, मिळून ८,२५०. गाडीचा चार्जर ३२ ॲम्पिअरचा, म्हणजे ७,६८०; तो तासन्‌तास चालणारा भार असल्याने त्याचे १२५ टक्के, म्हणजे ९,६००. चार्जरही ४० टक्क्यांच्या गटात टाकता येईल, असे काही जण मानतात. मला ते पटत नाही, कारण रात्रभर एकसारखा चालणारा भार अधूनमधून चालणाऱ्या शेगडीच्या पंक्तीत बसवणे म्हणजे सवलतीचा हेतूच विसरणे होय. एकूण ४०,३३० व्होल्ट-ॲम्पिअर. २४० व्होल्टने भागले की १६८ ॲम्पिअर. जुना १०० चा पुरवठा अर्थातच अपुरा होता, आणि २०० चा पुरेसा.

आता मूळ प्रश्न. वायर १८० ची आणि मुख्य ब्रेकर २०० चा, हे कसे चालते? उत्तर कलम ३१०.१२ मध्ये आहे. एका कुटुंबाच्या घराला एकफेजी १२०/२४० व्होल्टचा, १०० ते ४०० ॲम्पिअर क्षमतेचा पुरवठा असेल, तर त्या घराचा संपूर्ण भार वाहणाऱ्या वायरची वहनक्षमता पुरवठ्याच्या क्षमतेच्या ८३ टक्के असली तरी पुरते. २०० चे ८३ टक्के १६६. तक्ता ३१०.१६ मध्ये ७५ अंशांच्या रकान्यात ३/० ॲल्युमिनियम १५५ ला थांबते, म्हणून ती बाद. ४/० ॲल्युमिनियम १८०, म्हणून ती पात्र. तांब्यात २/० ची क्षमता १७५, तीही पात्र. तक्ता ३१०.१२ मध्ये याच जोड्या तयार करून दिल्या आहेत: १०० ॲम्पिअरला ४ नंबर तांबे किंवा २ नंबर ॲल्युमिनियम, १२५ ला २ नंबर तांबे किंवा १/० ॲल्युमिनियम, २०० ला २/० तांबे किंवा ४/० ॲल्युमिनियम.

या सवलतीचा इतिहास थोडा समजून घेतला, तेव्हाच मला तिचा अर्थ नीट लागला. पूर्वी घरगुती पुरवठ्यासाठी केवळ एक वेगळा तक्ता होता. २०११ च्या आवृत्तीत तो ३१०.१५(बी)(७) या क्रमांकाखाली होता. २०१४ मध्ये तो तक्ता मजकुरातून काढून त्याच्या जागी ८३ टक्क्यांचे सूत्र आणले गेले आणि उदाहरण परिशिष्टात गेले. २०२० मध्ये हे सर्व ३१०.१२ या स्वतंत्र कलमात हलवले गेले आणि तक्ताही परत आला. सूत्र आणि तक्ता एकत्र ठेवण्याचा फायदा असा की, तापमानामुळे किंवा एका नळीत अनेक वायर असल्यामुळे क्षमता घटवावी लागते तेव्हा तक्ता बाजूला ठेवून सूत्राने मोजायचे, हे स्पष्ट होते. उदाहरणार्थ, वायर ४१ ते ४५ अंशांच्या माळ्यातून जात असेल, तर ९० अंशांच्या आवरणाच्या ४/० साठी २०५ ला ०.८७ ने गुणायचे. उत्तर १७८ येते, ते १६६ पेक्षा अधिक आहे, म्हणून वायर तीच राहते. घट मोजताना सुरुवात ९० च्या रकान्यातून करता येते. जोडणीची ७५ अंशांची मर्यादा ही निराळी चाचणी आहे आणि दोन्हींत जो आकडा लहान येईल, तो धरायचा. आमची वायर माळ्यातून जाणार नव्हती, तरी हे गणित मी कागदावर मांडून ठेवले, कारण अनेक जण १८० ला घटगुणकाने गुणून विनाकारण जाड वायर घेताना दिसतात.

सवलतीमागचे कारण मात्र वायरच्या धातूत नाही, घराच्या वापरात आहे. शेगडी, हीटर, ड्रायर, पाण्याची टाकी या सगळ्या गोष्टी एकाच वेळी, पूर्ण क्षमतेने, तासन्‌तास चालत नाहीत. संपूर्ण घराचा भार एका वायरवर एकवटला की ही विविधता त्या वायरला मिळते. एखादे चालू होते तेव्हा दुसरे बंद असते. म्हणून नियमात 'संपूर्ण भार' ही अट आहे, आणि तीच या कलमाचा कणा आहे. घराचा एखादा तुकडाच वाहणाऱ्या वायरला ही विविधता मिळेल, असे गृहीत धरता येत नाही. गाडीचा चार्जर आणि दोन यंत्रे एवढेच ज्या वायरवर आहे, तिच्यावर ती सर्व एकत्र चालण्याची शक्यता बरीच असते.

या अटीच्या उजेडात अंदाजपत्रकाच्या तीन ओळी पुन्हा वाचल्या, तेव्हा त्या एकसारख्या राहिल्या नाहीत.

पहिली ओळ निर्विवाद होती. मीटरपासून मुख्य ब्रेकरपर्यंतची वायर म्हणजे सर्व्हिस. तिच्यावरून घर, हीट पंप, गॅरेज, सर्व काही जाते. तिला ८३ टक्के सरळ लागू होतात. (खांबावरून मीटरपर्यंत येणारी वीज कंपनीची वायर याहून बारीक दिसते, आणि पुष्कळांना ते खटकते; पण ती वायर या ग्रंथाच्या कक्षेत येतच नाही, तिचा हिशेब कंपनी निराळ्या नियमांनी करते.)

दुसरी ओळ गुंतागुंतीची निघाली, आणि माझा सर्वाधिक वेळ तिथेच गेला. पूर्वी आमचा मुख्य ब्रेकर तळघरातील पॅनेलमध्येच होता. २०२० च्या आवृत्तीतील कलम २३०.८५ नुसार एक व दोन कुटुंबांच्या घरांना आपत्कालीन विच्छेदक बाहेर, सहज हात पोहोचेल अशा जागी हवा, म्हणजे आग लागली तर अग्निशमन दलाला घरात न शिरता वीज तोडता येते. आम्ही मुख्य ब्रेकरच बाहेर मीटरच्या पेटीत नेला. त्याबरोबर तिथून आत जाणारी वायर सर्व्हिस राहिली नाही. ती फीडर झाली. व्याख्याच तशी आहे: मुख्य विच्छेदकापर्यंतची ती सर्व्हिस, आणि त्यानंतर शेवटच्या मंडलाच्या ब्रेकरपर्यंतचा तो फीडर. वायर तीच, भिंत तीच, पण कायद्याने तिचे स्थान बदलले. तिला आता तीनऐवजी चार तारा लागतात, कारण न्यूट्रल आणि अर्थिंग वेगळे न्यावे लागतात. तळघरातील पॅनेल दुय्यम ठरते, आणि त्यातला न्यूट्रलला पेटीशी जोडणारा हिरवा स्क्रू काढून टाकावा लागतो.

हा फीडर घराचा संपूर्ण भार वाहतो का? इलेक्ट्रिशियनचे म्हणणे, वाहतो. घर तर सगळे तळघराच्याच पॅनेलवर आहे. पण बाहेरच्या पेटीत मुख्य ब्रेकरखेरीज आणखी दोन ब्रेकर बसणार होते, एक हीट पंपाच्या बाहेरच्या यंत्राचा आणि एक गॅरेजचा, आणि आतला फीडर त्या पेटीच्या पुढे जाणाऱ्या टर्मिनलांवरून, मुख्य ब्रेकरच्याच संरक्षणाखाली निघणार होता. म्हणजे घराच्या भाराचा एक मोठा भाग या फीडरला शिवणारच नव्हता. अक्षरशः वाचले तर ३१०.१२ चे फीडरसाठीचे 'बी' पोटकलम ('ए' सर्व्हिससाठी आहे) त्याला लागू होत नाही. येथे एक विचित्र निष्कर्ष समोर उभा राहतो. अधिक भार वाहणाऱ्या सर्व्हिसला ४/० पुरते, आणि तिच्यातलाच काही भाग वाहणाऱ्या फीडरला मात्र त्याहून जाड वायर हवी! ७५ च्या रकान्यात पूर्ण २०० ॲम्पिअर हवे असतील, तर २५० केसीमिल (४/० च्या पुढचे जाडीचे माप) ॲल्युमिनियम घ्यावी लागते.

हा विपर्यास टाळण्यासाठीच त्याच कलमात 'सी' पोटकलम आहे. एखाद्या घराच्या फीडरची वहनक्षमता 'ए' किंवा 'बी' मध्ये सांगितलेल्या क्षमतेपेक्षा अधिक असण्याची सक्ती कोणत्याही परिस्थितीत करता येणार नाही, असे ते सांगते. सर्व्हिसला १६६ पुरतात, तर तिच्या पुढच्या फीडरला १६६ हून अधिक मागता येत नाहीत. दुसरी ओळ अशा रीतीने टिकली, पण इलेक्ट्रिशियनने सांगितलेल्या कारणाने नव्हे.

तिच्यासाठी आणखी एक स्वतंत्र आधारही सापडला, आणि तो मला अधिक भक्कम वाटतो. कलम २४०.४ चे 'बी' पोटकलम सांगते की, वायरची क्षमता ब्रेकरच्या प्रमाणित आकड्यांपैकी एखाद्याशी जुळत नसेल, तर ८०० ॲम्पिअरपर्यंत लगतचा वरचा प्रमाणित ब्रेकर वापरता येतो. प्रमाणित आकडे २४०.६ मध्ये दिले आहेत: ८०, ९०, १००, ११०, १२५, १५०, १७५, २०० आणि पुढे. १८० हा आकडा त्या यादीत नाही. त्याच्या वरचा २००. तेव्हा ४/० ॲल्युमिनियमवर २०० चा ब्रेकर बसवायला घरगुती सवलतीची गरजच पडत नाही, फक्त गणनेने आलेला भार १८० च्या आत असायला हवा. आमचा सर्व मिळून १६८ होता आणि आतल्या फीडरवरचा त्याहूनही कमी. मात्र तांब्याची २/० घेतली असती, तर हा आधार मिळाला नसता. तिची क्षमता १७५, आणि १७५ हा स्वतःच प्रमाणित आकडा असल्याने वरच्या पायरीवर जाण्याची मुभा नाही. तिथे केवळ 'सी' पोटकलमावरच विसंबावे लागले असते. काउंटीच्या नकाशा-तपासनिसांना मी दोन्ही आधार लिहून पाठवले. त्यांनी फोनवर एवढेच विचारले की, आतल्या फीडरसाठी आकृतीवर 'संपूर्ण भार' असे का लिहिलेले नाही. मी बाहेरच्या दोन ब्रेकरांकडे लक्ष वेधले, तेव्हा दोन्ही कलमांचे क्रमांक आकृतीवरच नोंदवा, म्हणजे जागेवर येणाऱ्या निरीक्षकाला पुन्हा शोधावे लागणार नाही, असे त्यांनी सुचवले. ही सूचना फार उपयोगी ठरली.

तिसरी ओळ टिकली नाही. २-२-४-६ ही केबल बाजारात 'शंभर ॲम्पिअरची' म्हणूनच ओळखली जाते. चाकांवरच्या घरांना पुरवठा देण्यासाठी ती मोठ्या प्रमाणावर विकली जाते, आणि तिथे ते वर्णन खरे आहे, कारण ती केबल त्या घराचा संपूर्ण भार वाहते आणि तक्ता ३१०.१२ मध्ये १०० समोर २ नंबर ॲल्युमिनियमच आहे. पण आमचे गॅरेज म्हणजे घर नव्हे, आणि त्याच्या फीडरवर घराचा संपूर्ण भारही नव्हता. 'सी' पोटकलमाचा येथे उपयोग नाही, कारण ते १६६ ची कमाल मर्यादा घालते. १०० च्या फीडरला ती मर्यादा शिवतही नाही. राहिला तक्ता ३१०.१६. त्यात ७५ च्या रकान्यात २ नंबर ॲल्युमिनियम ९० ॲम्पिअर. आणि ९० हा प्रमाणित आकडा आहे, म्हणून वरच्या पायरीची मुभाही नाही. १०० चा ब्रेकर हवा असेल तर १ नंबर ॲल्युमिनियम किंवा ३ नंबर तांबे घ्यावे लागेल. २ नंबर ठेवायची असेल, तर ब्रेकर ९० चा.

मी हे इलेक्ट्रिशियनला सांगितले, तेव्हा त्यांचा पहिला प्रतिसाद असा होता की, आजवर कित्येक गॅरेजांना त्यांनी हीच केबल १०० वर दिली आहे आणि कधी कुणी हरकत घेतली नाही. ते अनुभवी आणि प्रामाणिक कारागीर होते. त्यांना मी दोष देत नाही, कारण तक्ता पाठ असतो आणि तक्त्यावरची अट पाठ नसते. मी वाद घातला नाही, ३१०.१२ चे पान त्यांच्यासमोर ठेवून 'संपूर्ण भार' या शब्दांवर बोट ठेवले. त्यांनी ते शांतपणे दोनदा वाचले, आणि मग स्वतःच विचारले की, गॅरेजचा भार प्रत्यक्षात किती आहे.

तो मी आधीच मोजला होता. येथे २२०.८२ ची ४० टक्क्यांची सूट वापरता येत नाही, कारण तीही संपूर्ण घराच्या गणनेसाठीच आहे. चार्जरचे ९,६००, यंत्रांचे ५,०००, सर्वांत मोठी मोटर म्हणजे ३,००० ची करवत, तिचे वाढीव २५ टक्के म्हणून ७५०, दिवे व प्लग यांसाठी १,८००. बेरीज १७,१५०, म्हणजे ७२ ॲम्पिअरच्या आत. नव्वदचा ब्रेकर पुरेसा होता. अंतर १३० फूट; २ नंबर ॲल्युमिनियमचा रोध दर हजार फुटांना ०.३१९ ओहम, म्हणून जाऊन-येऊन २६० फुटांत ७२ ॲम्पिअरवर सुमारे ६ व्होल्टची घट, म्हणजे अडीच टक्के. फीडरसाठी ग्रंथ ३ टक्क्यांची शिफारस करतो. ती सक्ती नव्हे, टीप आहे, परंतु ती पाळली जाते याचे मला समाधान वाटले. अंतर अधिक असते, तर जाड वायर घ्यावी लागली असती आणि कलम २५०.१२२ प्रमाणे तिच्या प्रमाणात अर्थिंगची तारही वाढवावी लागली असती, हे अनेकदा राहून जाते.

केबल तीच राहिली, ब्रेकर तेवढा ९० चा आला. बाकी गोष्टी वेगाने झाल्या. खणण्यापूर्वी ८११ वर फोन करून जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेतल्या, पीव्हीसी नळी १८ इंच मातीखाली टाकली, चर उघडा असतानाच निरीक्षक पाहून गेले. गॅरेजजवळ अर्थिंगच्या दोन सळया सहा फुटांहून अधिक अंतरावर ठोकल्या, गॅरेजच्या पॅनेलमध्ये न्यूट्रल व अर्थिंगच्या पट्ट्या वेगळ्या ठेवल्या. स्क्रू आवळताना इलेक्ट्रिशियनने बळ मोजणारा पाना वापरला, कारण ११०.१४ चे 'डी' पोटकलम तशी मागणी करते, आणि ॲल्युमिनियमच्या बाबतीत मला ती वायरच्या जाडीइतकीच महत्त्वाची वाटते.

अंतिम तपासणीच्या वेळी निरीक्षकांनी दोन मुद्दे काढले. एक, गॅरेजच्या पॅनेलमध्ये मुख्य ब्रेकर १०० चा का? आकृतीवर तर ९० लिहिले आहे. मी त्यांना बाहेरच्या पेटीतला ९० चा ब्रेकर दाखवला. वायरचे संरक्षण तिच्या सुरुवातीला होते. गॅरेजमधला १०० चा ब्रेकर हा वेगळ्या इमारतीसाठी कलम २२५.३१ ला हवा असलेला विच्छेदक आहे आणि त्या पॅनेलची क्षमता १०० ची असल्याने तो तिथे योग्यच आहे. त्यांनी मान डोलावली आणि दाराआतल्या यादीवर 'पुरवठा ९० ॲम्पिअर, बाहेरच्या पेटीतून' असे लिहून ठेवायला सांगितले.

दुसरा मुद्दा कपडे वाळवण्याच्या यंत्राचा होता. त्याचे जुने मंडल तीन तारांचे होते आणि त्यातला न्यूट्रल उघडा, आवरणाविना होता. अशा जुन्या मंडलांना कलम २५०.१४० मध्ये जी मुभा आहे, ती उघड्या न्यूट्रलच्या बाबतीत मंडल सर्व्हिसच्या पॅनेलमधूनच निघत असेल तरच लागू होते. मुख्य ब्रेकर बाहेर गेला, तळघरातले पॅनेल दुय्यम ठरले, त्या क्षणी ती मुभा संपली. इलेक्ट्रिशियनने त्याच दुपारी तिथून चार तारांची नवी केबल ओढली आणि भिंतीवरचा प्लग बदलला. निरीक्षकांनी दुसऱ्या फेरीत तेवढे पाहून परवाना बंद केला.